मेणाचं बूच

१

सोमवारी सकाळी शेळ्यांना चारा घालून झाला की झेली चॅपल झाडायला जायची. प्वीलादाम गावचा तो रिवाजच होता. गावात सगळ्यात शेवटी लग्न होऊन आलेल्या सुनेने चॅपल झाडायचं, पुढची सून येईपर्यंत. द्राक्षं उतरवून झाली तेव्हा झेलीचं तेओफान सुताराशी लग्न झालं आणि केरसुणी तिच्या हातात पडली. त्यानंतर गावात कुणाचं लग्नच जमेना. लग्नाची पोरं सगळी प्वातिए शहरात कारखान्यांत पळालेली. केरसुणी काही सुटेना.

झेलीची त्याबद्दल तक्रार नव्हती. चॅपल एवढंसं होतं, टेकडीला पाठ लावून बसलेलं. आत चार बाकं, वेदी, आणि मागच्या भिंतीवर शनिवारची बाई.

तिला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. चित्र फार जुनं, सरदार आणि त्यांच्या गढ्या होत्या त्या काळातलं. टपात बसलेली एक बाई, पाठमोरी, केस विंचरते आहे. कमरेखालचा रंग ओलीने उडालेला. तिथं सापाचं शेपूट होतं, असं म्हातारी माणसं सांगायची. पायच होते, पण चिताऱ्याला जमले नाहीत, असं फादर ब्रिओ सांगायचे. शेजारी एक बंद दार रंगवलेलं, आणि दाराबाहेर गुडघे टेकून, भोकाला डोळा लावून बसलेला तिचा नवरा. शनिवार माझा, त्या दिवशी माझ्याकडे बघायचं नाही, एवढं एकच तिने लग्नाआधी मागून घेतलं होतं. त्याने बघितलं. मग घाबरून भोकात मेण भरलं. ती निघून गेली ती गेलीच. गोष्ट एवढीच होती आणि गावातल्या सगळ्यांसारखी झेलीलाही ती पाठ होती.

दारातलं भोक मात्र रंगवलेलं नव्हतं. ते खरं होतं, बोटभर जाड, भिंतीच्या दगडात शिरलेलं. भिंतीमागे टेकडीचा खडक. पलीकडे बघण्यासारखं काही असायचं कारणच नव्हतं. तरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मेणबत्त्यांच्या सणाला, गावातल्या सगळ्यात नव्या नवऱ्याने जुनं मेण काढून ताज्या मेणाचं बूच त्यात बसवायचं. बसवताना त्याने तोंड फिरवायचं, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या गावानेही. मग घरोघरी धिरडी. यंदा तो मान तेओफानचा होता आणि सण नेमका शनिवारी आला होता.

सणानंतरच्या सोमवारी झेलीला ते बूच जमिनीवर पडलेलं दिसलं.

थंडीने मेण आकसलं असणार. तिने उचललं. एका टोकाला तेओफानच्या अंगठ्याचा रुंद ठसा होता. तिने बूच उलटं केलं. आतल्या टोकालाही अंगठ्याचा ठसा होता. हा लहान होता, आणि त्याच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती.

मेण मळताना उमटला असेल, तिने स्वतःला सांगितलं. तेओफानच्या अंगठ्याच्या निम्मा होता तो. पण केर काढायचा असतो तेव्हा माणूस असल्या गोष्टींचा कीस काढत बसत नाही. तिने तोंड फिरवून बूच परत दाबून बसवलं आणि बाकांखालची धूळ काढायला घेतली.

२

आता झेलीच्या शनिवाराबद्दल सांगायला हवं. फार सांगणार नाही.

घराच्या मागच्या अंगाला एक न्हाणी होती. आत जस्ताचा टप, खुंटीवर टॉवेल, आणि झेलीने माहेरून आणलेला चिनीमातीचा निळा जग. शनिवारी दुपारी झेली आत जायची, अडसर सरकवायची आणि तासाभराने बाहेर यायची. आठवडाभर ती शेळ्यांची होती, चीजच्या साच्यांची होती, सासूच्या गुडघ्यांची होती, तेओफानच्या जेवणाची आणि अंथरुणाची होती. तो एक तास ती कुणाचीही नव्हती. आत ती काय करायची? मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो आणि दुसऱ्याची मूठ उघडायला बसतो.

लग्नाआधीच तिने त्याला सांगितलं होतं.

"शनिवारी दुपारी एक तास. दार बंद. आत काय करतेस म्हणून विचारायचं नाही."

तेओफान हसला होता. "एवढंच? मला वाटलं, गाय मागशील."

माणूस वाईट नव्हता. गावातली निम्मी दारं त्याच्या हातची होती आणि एकही कुरकुरत नव्हतं. न्हाणीच्या दाराला त्याने अक्रोडाच्या लाकडाचा अडसर केला, इतका गुळगुळीत की बोटाने सरकावा. लग्नाची भेट म्हणून त्याने तोच दिला. झेलीने त्याच्या गालाचा मुका घेतला आणि मनात म्हणाली, माझं नशीब थोर.

गावाला मात्र हे पचायला जड गेलं. सणाच्या दिवशीसुद्धा ही बया आपल्या शनिवाराला चिकटून बसली. नवरा चॅपलमध्ये मान मिरवतोय आणि बायको घरी न्हाणीत!

"काय रे तेओफान," कॅफेवाल्या ओनेझिमने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "बायकोला शेपूट-बिपूट फुटलंय की काय? बघून घे बाबा एकदा. पुढे पोरं झाली तर पाळण्यात मावायला हवीत."

सगळे हसले. तेओफानही हसला, पण जरा उशिराने.

३

मार्चमध्ये शेळ्या व्याल्या आणि घरात दुधाचे दिवस सुरू झाले. अशाच एका शनिवारी न्हाणीत झेलीच्या ओल्या हातातून निळा जग निसटला आणि फरशीवर फुटला. तुकडे गोळा करताना तिच्या अंगठ्याला तिरकी चीर गेली. तिने चिंधी बांधली, तुकडे एप्रनखाली लपवून नेले आणि राखेच्या खड्ड्यात पुरले. आईचा जग होता. त्याच्याबद्दल कुणाला सांगावं असं तिला वाटलं नाही.

रात्री ताटात पांढऱ्या घेवड्याची उसळ होती. तेओफानने पाव मोडला आणि सहज म्हणाला, "बाजाराच्या दिवशी प्वातिएला जाणार आहे. नवा जग आणू का?"

"जग कशाला?"

"निळा फुटला ना."

झेलीचा चमचा हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"आवाज आला."

"तू तर घरी नव्हतास."

"मग आई म्हणाली असेल."

सासू यूलाली एका कानाने ठार बहिरी होती आणि दुसऱ्याने सोयीपुरतं ऐकायची. "काय? मी काय म्हणाले? मी जेवतेय, मला मध्ये घेऊ नका."

"अंगठा दुखतोय का फार?" तेओफानने विचारलं. चिंधी दिसत होती, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. पण पुढे तो म्हणाला, "तुकडे डाव्या हाताने उचलायचे होतेस," आणि झेलीने चिंधीचा हात टेबलाखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने न्हाणीचं दार चाचपून पाहिलं. फळ्यांमध्ये चाकूचं पातं शिरलं नसतं. खिडकी डोक्याच्या वर, तिच्याखाली बाहेर खाजकुइलीचं रान माजलेलं. त्यातलं एक पानही मोडलं नव्हतं. भिंती चुन्याच्या, सपाट. तिने एकेका ठिकाणी तळहात फिरवला. कुठे काही नव्हतं. आपणच झोपेत बरळलो असू, तिने ठरवलं. बायका झोपेत बरळतात, असं नवरे सांगतातच.

पण झोपेत कुणी उजवा-डावा हात सांगत नाही.

४

दर सोमवारी बूच जमिनीवर असायचं. दर सोमवारी ती ते परत बसवायची. एकदा जोर लावून दाबलं, एकदा बाहेरचं टोक मेणबत्तीवर मऊ करून दाबलं. पुढच्या सोमवारी ते पुन्हा चित्रातल्या नवऱ्याच्या गुडघ्यापाशी पडलेलं.

तिने फादर ब्रिओंना गाठलं. त्यांच्या हातात कोबीची रोपं होती.

"उंदीर," फादर म्हणाले. "मेण खातो तो."

"मग खात का नाही, फादर? नुसतं काढून ठेवतो."

"आपल्याकडचा उंदीर आहे, बाई. चीजची चटक लागलेली. चव बघतो आणि टाकतो." ते आपल्याच विनोदावर हसले. "बिशपसाहेब म्हणतात, ते भोक सिमेंटने बुजवून टाका. मीच टाळतोय. गाव माझ्या अंगावर येईल."

झेली परत आली, केरसुणी उचलली आणि तेव्हा तिला ते दिसलं. चित्रासमोरच्या धुळीत दोन जागा स्वच्छ होत्या, गुडघ्यांच्या आकाराच्या. आणि दोन्हींच्या मध्ये, बारीक, तपकिरी, अक्रोडाच्या लाकडाचा भुसा.

तर असा उंदीर होता हा. झेलीला आधी हसू आलं आणि मग संताप. नवरा शनिवारी इथे येऊन गुडघे टेकतो, बूच काढतो आणि खडकाकडे बघत बसतो! लाज वाटायला हवी. पण संतापाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, थंड. खडकाकडे बघून त्याला जग फुटलेला कसा कळला?

ती भोकाजवळ वाकली. डोळा लावला नाही. मनात आलं नाही असं नाही, पण शनिवार म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. तिने कान लावला.

बराच वेळ काही नाही. नुसता दगडाचा गारवा. मग आत, फार लांब नाही, एक थेंब पडला. जस्ताच्या टपात पडतो तसा. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

टेकडीत झरे असतात, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज भोकात शिरला आणि आतून, ओल्या खोलीत घुमावा तसा घुमून, परत आला.

५

त्या संध्याकाळी तिने भुसा रुमालात बांधून आणला आणि रंधा मारणाऱ्या तेओफानसमोर, त्याच्या बाकावर ओतला.

"तू तिथे गुडघे टेकतोस."

"चॅपल आहे. गुडघे टेकायलाच असतं."

"भिंतीकडे तोंड करून?"

त्याने रंधा खाली ठेवला. तो बारीक झाला होता. इतके दिवस हे तिच्या नजरेत कसं आलं नाही? उजव्या डोळ्याभोवती गोल, तांबडा वण पडला होता, दगडाला दाबून धरल्यासारखा.

"सणाच्या दिवशी मी तोंड फिरवलं नाही," तो म्हणाला. "सगळे पाठ करून उभे होते. वाटलं, खडक तर आहे, बघून टाकू, म्हणजे ओनेझिमला सांगता येईल. सगळ्या गावाला दर वर्षी मूर्ख बनवतात म्हणून." त्याने बाकावरचा भुसा बोटाने चाळवला. "आपली न्हाणी दिसली, झेली. टप, टॉवेल, निळा जग. आणि तू."

"मी घरी होते."

"तेच सांगतोय. तू घरी होतीस."

बाहेर करडं आईला हाका मारत होती. झेलीने विचारलं, "मग काय दिसलं? काय करते मी आत?"

"काहीच नाही!" तो जवळजवळ ओरडला. "बसून असतेस. पाठमोरी. केस विंचरतेस आणि मग बसून राहतेस. एवढ्यासाठी कुणी दार लावतं? आणि ते पाणी…"

"पाण्याचं काय?"

"तू हलत नाहीस आणि पाणी हलतं." त्याने ओठ पुसले. "एकदा तोंड वळव ना. किती शनिवार झाले, तू तोंडच वळवत नाहीस. तुझंच तोंड आहे का ते तरी कळू दे."

झेलीला भीती वाटली, खोटं कशाला बोला? पण त्याहून जास्त तिला राग आला. तिच्या एका तासात हा माणूस पायताणासकट आत शिरला होता, आणि वर तक्रार करत होता की पाहुणचार नीट झाला नाही.

"मला शब्द दिला होतास."

"विचारणार नाही असा दिला होता. विचारलं कुठे? बघितलं."

"वा! शब्दातून पळवाट काढतोस?"

"माझ्याच बायकोला बघितलं ना? परक्या बाईला तर नाही? सरळ विचारलं असतं, तर दार उघडलं असतंस?"

"नसतं."

"बघ!"

"नसतं उघडलं," झेली म्हणाली. "आजही नाही, उद्याही नाही. तुझ्यापासून लपवण्यासारखं काही आहे म्हणून नव्हे. माझं आहे म्हणून."

तो उठला, पटाशी घेतली, न्हाणीकडे गेला आणि आपल्याच हाताने केलेला अडसर उचकटून काढला. लाकूड फाटलं तेव्हा त्याचा चेहरा कळवळला. मग त्याने कामाच्या खोलीतल्या भिंतीवरचं, भोकं पाडायचं मोठं गिरमिट उतरवून त्याचं टोक घासायला घेतलं.

"भोक लहान आहे," तो म्हणाला. "कडेचं दिसत नाही. शनिवारी मोठं करतो."

६

यूलालीने सगळं ऐकलं होतं. बहिऱ्या माणसांना भांडण बरोबर ऐकू येतं.

"इकडे ये, सूनबाई," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. ती चुलीशी बसून चेस्टनटच्या पानांत चीज गुंडाळत होती. "माझ्या लग्नाच्या वर्षी तुझ्या सासऱ्याने बूच बसवलं. मी मागे उभी होते. माझं लक्ष त्याच्यावरच. मेला दारुडा होता, हात सैल होता, सगळं होतं. पण तोंड फिरवून उभा राहिला. मान दुखेपर्यंत. एवढं एकच सुख दिलं त्याने मला आयुष्यात."

"आणि तेओफानने बघितलं."

"त्याने बघितलं." म्हातारीने पान दुमडलं. "आता त्याला दुसरं काही दिसायचं नाही. चित्रातला तो मेला बघ, किती शतकं झाली, अजून तिथेच वाकलाय."

झेलीने सासूच्या पुढ्यात बूच ठेवलं. काल चॅपलमधून येताना तिने ते खिशात टाकलं होतं. "आई, हे बघा. सणानंतरच्या पहिल्याच सोमवारी आतल्या अंगाला हा ठसा होता. परत बसवताना मी बाहेरूनच दाबायची. आतल्या टोकाला मी कधी हात लावला नाही."

म्हातारीने बूच डोळ्यांजवळ नेलं. मग काही न बोलता तिने झेलीचा हात ओढला, अंगठ्यावरची चिंधी सोडली. जखम भरली होती. मागे एक तिरका वण राहिला होता.

मेणावरच्या रेघेशी तो तंतोतंत जुळत होता.

"पण मला हे मार्चमध्ये लागलं," झेली म्हणाली. "बूच फेब्रुवारीतलं आहे. आई, मी वेडी नाही ना?"

"वेडी असतीस तर बरं झालं असतं." यूलाली कपाटाशी गेली, एका डब्यातून पिवळ्या मेणबत्त्यांचे तुकडे काढले. वर्षानुवर्षांच्या सणांचे जपून ठेवलेले. "बाहेरून बूच लावायचं काम पुरुषांचं. आतून कुणी लावायचं हे मला कुणी कधी सांगितलं नाही. पण कुणीतरी लावत असलंच पाहिजे. मूठभर ठेव जवळ. अंगाच्या उबेने मऊ होतं."

"त्याला काही झालं तर? तुमचा मुलगा आहे तो."

म्हातारीने मेणाचे तुकडे झेलीच्या ओंजळीत टाकले. तिचे डोळे भरून आले होते. "म्हणून तर म्हणते, लवकर लाव," ती म्हणाली.

७

या शनिवारी मी आत जातो आहे, कारण दाराला अडसर नव्हता आणि झेलीने ते मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. उघड्या दारातून कुणी बघितलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत.

दुपार स्वच्छ होती. यूलाली अंगणात, दाराकडे पाठ करून बसली होती. झेलीने टप भरला, पण त्यात उतरली नाही. कपड्यांनिशी टपाच्या काठावर बसली, मुठीत मेण धरून, केस मोकळे सोडून. ती नेहमीच्या जागी बसली होती. म्हणजे तिच्या पाठीला होती ती चुन्याची भिंत, जिच्यावरून तिने तळहात फिरवला होता.

चॅपलच्या घंटेचे टोले पडले. मग काही वेळ कोंबड्यांचाच आवाज.

मग भिंतीत गिरमिट फिरू लागलं.

चॅपल गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मध्ये कॅफे, पूल, ओनेझिमचा मळा. तरी तो आवाज तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर होता: कुर्रर्र, थांबणं, श्वास, पुन्हा कुर्रर्र. थांबून थुंकी लावायची तेओफानची सवय तिला माहीत होती. भिंतीवरून चुना सुटला आणि फरशीवर बारीक धार पडू लागली. शेजारी कुणी भिंत पाडत असेल, तिची बुद्धी म्हणाली. शेजारी कुणी राहत नव्हतं.

आवाज थांबला. आता तिला पाठीवर त्याचं बघणं जाणवलं, उन्हाचा ठिपका पडावा तसं. इतके शनिवार ते तिथे होतं आणि ती त्याला वाऱ्याची झुळूक समजली होती.

"बघायचंय?" झेली म्हणाली. आवाज चढवला नाही. "तोंड बघायचंय ना तुला? बघ मग."

आणि ती वळली.

भिंतीत, चुन्याच्या सपाटीत, एक ओलं काळं टिंब होतं. त्यात उजेड हलला. तपकिरी बुबुळ, तांबडी कड. तिच्या नवऱ्याचा डोळा होता तो. ज्या डोळ्याने त्याने तिला पहिल्यांदा द्राक्षांच्या मळ्यात बघितलं होतं. त्या आठवणीने तिला क्षणभर रडू फुटलं. पण डोळा तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या खांद्यावरून, मागे, टपाकडे बघत होता, आणि मोठा मोठा होत चालला होता.

तिच्या मागे पाणी हललं.

हललं म्हणजे उसळलं नाही. जड माणूस टपात कूस बदलतो तसं ते एका बाजूला चढलं आणि दुसऱ्या बाजूला बसलं. जस्त कण्हलं. मग कंगव्याचा आवाज आला, लांब केसांतून सावकाश, वरपासून खालपर्यंत. फरशीवरून काहीतरी ओलं, लांब, घसटत आलं आणि झेलीच्या टाचेला लागून थांबलं. गार होतं. पण धरून ठेवलं नाही, ढकललंही नाही. नुसतं लागून राहिलं, शेजारी बसलेल्या बाईचा पदर लागावा तसं.

मान वळवली असती तर दिसलं असतं. सगळी गोष्ट कळली असती: शेपूट की पाय, खरं की चिताऱ्याची चूक. झेलीने मान वळवली नाही. तास तिचा होता, तसा तो आणखी कुणाचातरीही होता.

"तुमचं चालू द्या, बाई," ती मागे न बघता म्हणाली. "मी याचं बघते."

ती भिंतीपाशी गेली. मुठीतलं मेण मऊ झालं होतं.

"तेओफान, डोळा काढ," ती म्हणाली. "शेवटचं सांगतेय. तोंड फिरव."

डोळा निघाला नाही. मिटलाही नाही. कदाचित त्याला मिटता येत नव्हता. तिने थोडं थांबून बघितलं, आणखी थोडं थांबली. मग तिने मेणाची गोळी त्या टिंबात बसवली आणि अंगठ्याने दाबली, वण असलेल्या अंगठ्याने, पूर्ण जोर लावून.

८

तो संध्याकाळी उजेड असतानाच परत आला. गिरमिट त्याच्याकडे नव्हतं. दारात थांबला, पायताण काढलं, आणि टेबलाशी आपल्या जागेवर बसला. उजव्या डोळ्यावर त्याने उजवा तळहात दाबून धरला होता.

यूलालीने त्याच्याकडे पाहिलं, जपाची रोझरी उचलली आणि आपल्या खोलीत गेली.

झेलीने त्याच्यापुढे सूप ठेवलं.  राग सगळा निघून गेला होता असं नाही. थोडा होता, राहणारही होता. पण तो माणूस थकून आला होता आणि सूप गरम होतं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही." त्याचा आवाज साधा होता. "दुखत नाही. गार लागतं."

"काय बघितलंस?"

 त्याने नकारार्थी मान हलवली. त्याच्या बोटांच्या फटीतून काहीतरी पिवळं, चकचकीत दिसत होतं आणि ते गालावर एक थेंब ओघळून थिजलं होतं. त्या थेंबाच्या वर, मधल्या बोटाच्या आडून, एक तिरकी रेघ अर्धी दिसत होती. झेलीने आपला अंगठा मुठीत मिटून घेतला.

"उद्या सकाळी अडसर परत बसवतो," तो म्हणाला. "आत न बघता, चाचपून बसवेन. आतल्या बाजूने."

"बसव."

"झेली." त्याने दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली. "आता मला हा हात काढावा लागेल. चमचा धरायला. तू बघू नकोस. कधीच बघू नकोस. एवढं करशील?"

केवढं सोपं होतं ते. किती बायकांनी, किती शतकं, एवढंच मागितलं होतं.

"करीन," झेली म्हणाली. "मला जमतं ते."

तिने त्याचा पाव मोडून त्याच्या हाताजवळ ठेवला. मग आपली खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बाहेर करडांकडे बघत, तोंड फिरवून, त्याचं जेवण होईपर्यंत तशीच बसून राहिली.